सोवळे आणि पावित्र्य : मराठी ख्रिस्ती जीवनातील एक जुना प्रश्न

१८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला जमली होती. महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळकही होते. कार्यक्रमानंतर मिशनऱ्यांनी पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्याला हात लावला, कोणी तेवढेही केले नाही. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि रानड्यांसारख्या पुरुषालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले.

'चहाच्या पेल्यातील वादळ' म्हणून हा प्रसंग आपल्याकडे थोड्या विनोदानेच सांगितला जातो. परंतु धर्मजीवनाच्या अभ्यासकाने त्याकडे हसून पाहू नये. या साऱ्या प्रकरणात त्या मंडळींचे आचरण कसे आहे, ते सत्य बोलतात की नाही, त्यांच्या हातून कोणाचे अहित झाले आहे काय, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. विचारण्याचे कारणही नव्हते. शुद्धीचा प्रश्न हा स्पर्शाचा आणि पंक्तीचा होता. चहा कोणाच्या हातचा होता, हाच त्यातला निर्णायक मुद्दा.

अशा समाजात जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांना 'पवित्र जीवन जगा' असे सांगितले गेले तेव्हा त्यांनी या शब्दांचा अर्थ काय लावला असेल? मराठी ख्रिस्ती साहित्याविषयी आपण थोडेबहुत बोलतो, त्यातील भाषेचे आणि अभंगांचे कौतुकही करतो. पण या प्रश्नाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. तो नुसता धर्मशास्त्राचा प्रश्न नाही. पाण्याची घागर, चूल, पंगत आणि दारात आलेली परित्यक्ता यांच्याशी तो निगडित आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'पवित्र' हा शब्द 'पू' या धातूपासून आला आहे. स्वच्छ करणे, गाळून घेणे हा त्याचा मूळ अर्थ. सोमरस गाळण्याच्या साधनाला वेदकाळी 'पवित्र' म्हणत. धार्मिक कृत्याच्या वेळी बोटात घातल्या जाणाऱ्या दर्भाच्या अंगठीलाही आपण आजतागायत पवित्रच म्हणतो. म्हणजे या शब्दाच्या पाठीशी कर्मकांडाचा मोठा संसार उभा आहे. त्याच्या जोडीला मराठीत 'सोवळे' आहे, 'विटाळ' आहे, 'शिवाशिव' आहे. दुसऱ्या बाजूने, पावित्र्य अंतःकरणात नेण्याचे कामही मराठीत शतकानुशतके चालू होते. चोखोबांनी विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारला. एकनाथांच्या चरित्रकथांत ते अंत्यजाचे पोर कडेवर घेताना दिसतात. तुकोबांनी मन निर्मळ नसताना केलेल्या स्नानाची निरर्थकता पुनःपुन्हा सांगितली. तेव्हा ख्रिस्ती उपदेशकांपुढे जी मराठी होती, तिच्यात 'पवित्र' या शब्दाला दोन घरे होती. एक सोवळ्याचे, दुसरे संतांचे.

ख्रिस्ती धर्मग्रंथांतही हा पेच आहे, हे विसरून चालणार नाही. जुन्या करारातील लेवीय पुस्तकात भक्ष्याभक्ष्याचे आणि विटाळाचे तपशीलवार नियम आहेत. नव्या करारात येशू सांगतो की मनुष्य जे खातो त्याने तो भ्रष्ट होत नाही, त्याच्या अंतःकरणातून जे निघते त्याने होतो. परंतु एवढ्याने भांडण मिटले नाही. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात अंत्युखियाचा एक प्रसंग आहे. यहुदी नसलेल्यांबरोबर जेवणारा पेत्र काही कर्मठ मंडळी आल्यावर पंक्तीतून मागे सरला आणि पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. पंचहौदच्या ग्रामण्याशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. पहिल्या शतकातला तो वाद त्याच्या घरातलाच आहे.

आपल्या भाषेत या वादाची सुरुवात गोमंतकात झाली. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधील विल्टशरचा जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली मरेपर्यंत तेथेच राहिला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंपाशी येऊन म्हणतो की आमची जुनी पुराणे तर गेली, आता आमच्या भाषेत दुसरे काही पुराण असेल तर बरे होईल. या मागणीमागची पोकळी स्टीफन्सला कळली होती. सासष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली होती, आणि त्याआधीच, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले होते. बाप्तिस्मा झाला, नाव बदलले. पण दिवस कसा उगवायचा आणि कसा मावळायचा, सणाला काय करायचे, मनाला कशाचा आधार द्यायचा, हे नव्या ख्रिस्ती माणसाला कोणी सांगितले नव्हते. स्टीफन्सने त्याच्या हाती ओवी दिली, कथा दिली.

परंतु गोव्याच्या धर्मसत्तेने याहून वेगळा मार्ग धरला. १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या आज्ञापत्रात नवख्रिस्ती लोकांनी कोणत्या चालीरीती पाळू नयेत याची मोठी यादी आहे. लग्नातील विधी, पोशाख, तुळस यांवर तर बंदी होतीच. त्याबरोबर हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवण्यावरही होती. येथे क्षणभर थांबावे. ज्या धर्माच्या संस्थापकाने तोंडात जाणारे अन्न माणसाला भ्रष्ट करीत नाही असे सांगितले, त्याच्याच नावाने स्थापन झालेले न्यायालय भाताच्या भांड्यात मीठ आहे की नाही हे पाहत होते. सोवळ्याची दिशा उलटली होती, सोवळे मात्र तसेच होते. दुसरीकडे, चर्चशी संलग्न असलेल्या 'कॉन्फ्रारिआ' नामक संघांचे सभासदत्व गोव्यात अनेक ठिकाणी जातीनुसार वाटलेले राहिले. म्हणजे तुळस गेली, जात राहिली. पावित्र्य जेव्हा बाह्य चिन्हांवरून मोजले जाते, तेव्हा काय टाकायचे आणि काय ठेवायचे याचा निवाडा बहुधा असाच चुकीच्या जागी होतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखालील महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी होती. येथे सक्ती नव्हती. प्रश्न पुढे आला तो कुटुंबांमधून. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयीन मुलगाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयाने त्याला आईवडिलांच्या स्वाधीन केले. श्रीपताचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तरी तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता, आणि तेवढ्याने तो पतित ठरला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर झटले, तर त्यांनाच सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. मुलाची श्रद्धा काय, हा प्रश्न दुय्यम होता. तो कोणाच्या पंक्तीला बसला हा मुख्य. याचा दुसरा परिणाम असा झाला की ख्रिस्ती होणे म्हणजे जात बुडवणे, खाणेपिणे बदलणे, एवढाच अर्थ लोकांच्या मनात रुजला. पुष्कळदा मिशनऱ्यांच्याही.

या गैरसमजाशी ज्या व्यक्तीने आयुष्यभर झगडा केला ती म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनींशी, विशेषतः सिस्टर जेराल्डिन यांच्याशी, त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्यात त्रैक्याच्या सिद्धांतावरील वाद आहे, तसा आहारावरील वादही आहे. रमाबाई शाकाहारी राहिल्या. जेराल्डिनबाईंना त्यात जातीचा अहंकार दिसला. रमाबाईंचे म्हणणे असे की आपल्या पूर्वजांच्या ज्या चालीरीती पाळता येण्यासारख्या आहेत त्या सोडण्याचे कारण नाही. आपण हिंदू आहोत असे म्हणवून घेणेही त्यांना आवडे. दोघींच्याही दृष्टीने प्रश्न पावित्र्याचा होता. एकीला ते आज्ञाधारकतेत दिसत होते, तर दुसरीला विवेकाच्या स्वातंत्र्यात.

परंतु रमाबाईंच्या जीवनाला वळण देणारी घटना या वादात नाही. तिचा उल्लेख त्यांनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत केला आहे. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना काही दिवस लंडनमधील फुलहॅम येथील आपल्या गृहात पाठवले. तेथे समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांची सेवा चाले. रमाबाईंनी हे दृश्य पूर्वी कधी पाहिलेले नव्हते. धर्मशास्त्राच्या अध्ययनात त्यांनी अशा स्त्रियांना दिलेल्या शिक्षा वाचल्या होत्या. त्यांच्याविषयीची करुणा वाचली नव्हती. या स्त्रियांची काळजी ख्रिस्ती लोक का घेतात असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखवली. योहानाच्या शुभवर्तमानातील ही कथा विहिरीच्या काठावर घडते, आणि तिची सुरुवात होते ती पाणी मागण्याने. यहुदी पुरुष शोमरोनी बाईकडे पाणी मागतो, हेच त्या बाईला नवल वाटते. महाराष्ट्रातील विहिरींचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याला या कथेचे मर्म रमाबाईंच्या मनाला का भिडले असावे हे उमगेल.

या अनुभवाचे फळ दिसायला काही वर्षे लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. तेथे उच्चवर्णीय विधवांना आपापले सोवळे पाळण्याची मुभा होती. ही तडजोड होती, आणि तीही अपुरी ठरली. काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला बसू लागल्या म्हणून गहजब झाला आणि १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सल्लागार बाजूला झाले. नंतर १८९६-९७ च्या दुष्काळाने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. मध्य प्रांतातून रमाबाईंनी ज्या मुली आणि स्त्रिया केडगावला आणल्या, त्यांत सर्व जातींच्या होत्या. काही रोगग्रस्त होत्या, काहींवर अत्याचार झालेले होते. तेथे वेगळ्या चुलींचा हिशेब चालणे शक्य नव्हते. आणि १८९९ साली मुक्तिसदनाच्या आवारात 'कृपासदन' उघडले गेले. फुलहॅमला जे पाहिले त्याचेच हे केडगावी रूप.

कृपासदनाचा अर्थ नीट लावला पाहिजे. नैतिक शुद्धतेबाबत रमाबाई सैल नव्हत्या. किंबहुना त्या फार कडक होत्या. १८९८ साली त्या इंग्लंडमधील केसिक येथील अधिवेशनाला गेल्या होत्या. संपूर्ण समर्पित, पवित्र जीवन हा या अधिवेशनाचा ध्यास होता. १९०५ साली मुक्तिसदनात जी धार्मिक जागृती झाली तिच्यात मुली तासन् तास प्रार्थना करीत, रडून आपली पापे कबूल करीत. आजच्या वाचकाला हे सारे अतिरेकी वाटेल. त्या काळीही कित्येकांना वाटले. पण ज्या बाईने एवढ्या कडक शुद्धतेचा आग्रह धरला, तिनेच समाजाने सर्वांत अशुद्ध ठरवलेल्या स्त्रीसाठी आपल्या आवाराचे दार उघडले. सोवळ्याच्या तर्कशास्त्रात या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. तेथे शुद्ध माणसाला अशुद्धाचा स्पर्श झाला की शुद्ध बाटतो. रमाबाईंच्या श्रद्धेत प्रवाह उलटा वाहतो. तेथे शुद्धता हीच संसर्गजन्य आहे. म्हणूनच तिला कुंपणाची गरज पडत नाही.

हाच उलटा प्रवाह एका घरातल्या माणसांवर कसा काम करतो, हे पाहायचे तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे वळावे लागते. त्यांच्या माहेरी वडिलांचे सोवळे पराकोटीचे होते. घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुतली जाई. त्याचे मूळ लक्ष्मीबाई सत्तावन सालच्या बंडानंतर कुटुंबावर कोसळलेल्या आघातापाशी नेतात. मनावर बसलेली भीती सोवळ्याचे रूप घेऊन वावरत होती, हे त्यांचे निरीक्षण कोणाही मानसशास्त्रज्ञाला विचारात पाडील. पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षांच्या वियोगानंतर त्या पतीकडे परतल्या, पण स्वयंपाकपाणी वेगळे ठेवूनच. एकाच घरात दोन धर्म आणि दोन चुली. टिळकांनी सक्ती केली नाही, आणि बदल झाला तो बाईंच्या स्वतःच्या विचारातून. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि उत्तर मिळाल्यावर प्रथम शिवाशिव सोडली. १९०० सालचा बाप्तिस्मा त्यानंतर आला. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पुढे प्लेगच्या दिवसांत शुश्रूषा करणारी, पोरक्या मुलांना घरात घेणारी जी लक्ष्मीबाई आपल्याला दिसते, तिच्या पावित्र्याचा पाया त्या एका विचारात आहे.

आणि स्वतः रेव्हरंड टिळक? ज्या पुस्तकाने ते वळले तो नवा करार त्यांना १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने दिला होता. त्यातही त्यांचे मन वेधले ते डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे नीतीच्या उपदेशाने. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. वर ज्या दोन घरांचा उल्लेख केला त्यांपैकी संतांच्या घरातून ते आले होते, आणि म्हणूनच मिशनच्या आवारात त्यांचा जीव गुदमरू लागला. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, १९०४ साली त्यांना दीक्षा मिळाली, 'ज्ञानोदया'चा मराठी भाग त्यांनी सांभाळला. पण त्यांना दिसत होते की ख्रिस्ती समाज हळूहळू एक नवी जात होऊ लागला आहे. त्याचे स्वतंत्र आवार आहे, वेगळा पोशाख आहे, वेतनाची उतरंड आहे आणि शेजाऱ्यापासूनचे अंतरही आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताचे अनुयायी, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, या बंधुसंघात एकत्र येऊ शकत होते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचा मृत्यू झाला आणि दरबार फार काळ टिकला नाही.

या प्रयोगाला अपयशी म्हणणे सोपे आहे. संस्था म्हणून तो खरोखरच टिकला नाही. परंतु या प्रश्नाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. रमाबाईंनी कुंपण आतून उघडले ते पतितेसाठी. टिळकांनी ते उघडले ते बाप्तिस्मा न झालेल्या साधकासाठी. पवित्र जीवन जगायचे तर जगापासून अलग व्हावे लागते, ही समजूत हिंदू सोवळ्यात आहे तशी ख्रिस्ती मठ-मिशनांतही आहे. टिळकही संन्यासी झालेच. पण त्यांचा संन्यास घराबाहेर पडून माणसांत जाणारा होता, वारकऱ्यासारखा.

या दोघांच्या मार्गाने सारा ख्रिस्ती समाज गेला असे म्हणता येणार नाही. धर्मांतरानंतरही चर्चमध्ये जात शिल्लक राहते, या गोष्टीवर डॉ. आंबेडकरांनी आपल्या लेखनात नेमके बोट ठेवले आहे. लग्न जुळवताना, बसण्याच्या जागांत, दफनभूमीतसुद्धा भारतातील ख्रिस्ती समाजाने जातिभेद पाळल्याची उदाहरणे आहेत. व्यसन नाही, असत्य नाही, रविवारची उपासना चुकत नाही, विवाहबंधन निष्कलंक आहे, अशी माणसेही शेजारच्या पंक्तीला बसायला कचरली आहेत. व्यक्तिगत नीतीचे सर्व नियम पाळूनही माणूस सोवळ्यातच राहू शकतो, हे या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे. अंत्युखियाच्या पेत्राची गोष्ट म्हणूनच जुनी होत नाही.

तेव्हा मराठी ख्रिस्ती परंपरेने 'पवित्र' या शब्दात कोणती भर घातली, असे विचारले तर उत्तर असे द्यावे लागेल. संतांनी पावित्र्य शरीरावरून मनात नेले होते. रमाबाई, लक्ष्मीबाई आणि नारायण वामन टिळक यांनी ते मनातून पुन्हा बाहेर आणले, स्वयंपाकघरात, विहिरीवर, रुग्णाच्या खाटेजवळ. मन शुद्ध आहे असे म्हणणे सोपे असते, कारण मन कोणाला दिसत नाही. पाणी कोणाच्या हातचे प्यालो हे दिसते. आयुष्याच्या अखेरीस रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. खेड्यातल्या बाईला ते कळावे ही त्यांची तळमळ होती. मुद्रितांचे काम त्यांनी मृत्यूपूर्वी, १९२२ साली, हातावेगळे केले. त्या पुस्तकाची छपाई, बांधणी मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच केली. ज्यांचा स्पर्श एकेकाळी विटाळ मानला गेला असता, अशा कितीतरी हातांतून ते पवित्र शास्त्र मराठी वाचकाकडे आले आहे.